देवाजवळची बाटली

मोठीमायच्या देवघरात पितळेची अन्नपूर्णा होती, रांगणारा बाळकृष्ण होता, एक शंख होता आणि त्यांच्याच रांगेत, कुंकवाचं बोट लागलेली, डोळ्यांत घालायच्या थेंबांची एक पांढरी बाटली होती. मी ती पहिल्यांदा पाहिली तेव्हा फिसकन हसले आणि मोठीमायने माझ्याकडे असं पाहिलं की हसू जागच्या जागी गिळावं लागलं. त्याच वर्षी शिबिरात आजाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. पट्टी सुटल्यावर आजा पहिलं काही बोलला असेल तर ते समोर उभ्या असलेल्या सुनेला, "बाई, तुहे केस कधी पिकले व?" चार वर्षं म्हाताऱ्याने तिला नुसती आवाजावरून ओळखलं होतं. मोठीमाय पदर तोंडाला लावून हसली आणि मग स्वयंपाकघरात जाऊन रडली. औषधाचे दिवस संपले तरी बाटलीत अर्धं औषध उरलं होतं. ज्याने म्हाताऱ्याला उजेड दिला ते उकिरड्यावर कसं फेकायचं? म्हणून ते देवाजवळ गेलं. आमच्याकडे कामी आलेल्या वस्तूला अशीच बढती मिळते.

मोठीमाय म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या भावाची बायको. मोठे बाबा लवकर गेले. मागे आजा, मुलगा मनोहरदादा आणि चार बांध्यांची, म्हणजे बांध घातलेल्या चार तुकड्यांची, धानशेती एवढं तिच्याकडे राहिलं. मी चिचगडकडच्या जंगलातल्या गावची. तिथे दहावीच्या पुढे विज्ञान शिकायची सोय नव्हती, म्हणून अकरावीला मला सालेकशाजवळ मोठीमायच्या घरी ठेवलं. जाताना आईने बजावलं होतं, तिच्या शब्दाबाहेर जाऊ नको. ते सोपं होतं, कारण मोठीमाय शब्दच फार थोडे वापरायची. सकाळी चुलीवर पेज चढायची, दुपारी लाखोरीची डाळ किंवा अंबाडीची भाजी आणि तांदळाची भाकर. जंगलाआडून मालगाडी गेली की ताटल्या किणकिणायच्या आणि आजा कौलांकडे बघत डबे मोजायचा. दृष्टी परत आल्यापासून तर स्टेशनापर्यंत जाऊन मोजायचा. त्या घरातला दुसरा कायमचा आवाज म्हणजे गोठ्यातल्या दोन लाकडी घंटांचा. एक भुऱ्याची, एक चांद्याची.

हे दोघे हेले. हेला म्हणजे रेडा. आमच्या चिखलाच्या शेतात बैलापेक्षा हेला जास्त टिकतो, म्हणून नांगराला आणि चिखलणीला तोच. भुऱ्या बाजारातला. चांद्या मात्र घरचा. तो दहा दिवसांचा असताना त्याच्या आईला साप चावला आणि मोठीमायने वेळूच्या नळीने गाईचं दूध आणि पेज पाजून त्याला वाढवलं. कपाळावर पांढरा ठिपका होता म्हणून चांद्या. चांगला डोंगराएवढा झाला तरी मोठीमाय गोठ्यात गेली की तो तिच्या लुगड्याचा शेव, पदराचं टोक, तोंडात धरायचा. मनोहरदादा चिडवायचा, "मायले दोन पोरं हायेत. एकाले शिंगं हायेत, येवढाच फरक." पण दादा स्वतः व्यवहारी माणूस. त्याच्या लेखी हेला म्हणजे हेला, काम करील तोवर गोठ्यात.

धानाचा चुरणा चालू होता. चुरणा म्हणजे खळ्यावर धानाच्या पेंढ्या पसरून त्यावर जनावरं गोल गोल फिरवायची, म्हणजे त्यांच्या खुरांनी दाणा सुटतो. संध्याकाळी चांद्या गोठ्यात आला तो उजवा डोळा मिटूनच. डोळ्यातून पाण्याची धार, आतून लालभडक. धानाचं कुसळ लागलं हे कुणीही सांगितलं असतं. शेजारचे सोमाजीकाका लगेच हजर झाले. आमच्या भागात जनावराच्या डोळ्याला काही झालं की एक उपाय ठरलेला, मीठ आणि तंबाखू तोंडात चघळायची आणि त्याची पिचकारी थेट डोळ्यात मारायची. सोमाजीकाका या कामातले नावाजलेले नेमबाज. गाल फुगवून ते पुढे सरकले आणि मी मधे उभी राहिले.

"काका, थुंकी डोळ्यात? त्यात किती जंतू असतात माहीत आहे?"

काकांना बोलता येईना, कारण तोंड भरलेलं. शेवटी ते बाहेर जाऊन थुंकून आले आणि म्हणाले, "चाळीस साल झाले, असंच करून राहिलो. तू चार महिने कालेजात गेली त मले शिकवतेस व पोट्टी?"

"हो," मी म्हटलं. असा माझा स्वभाव. मग मी देवघरात गेले आणि ती बाटली घेऊन आले. माणसाच्या डोळ्याचं औषध, डॉक्टरने दिलेलं, आजाला दृष्टी देणारं. मी कंदिलाजवळ धरून त्यावरची इंग्रजी नावं मोठ्याने वाचली. पहिलं नाव ओळखीचं निघालं, जंतू मारणारं औषध. दुसरं ओळखलं नाही आणि जे आपल्याला ओळखता येत नाही ते फारसं महत्त्वाचं नसणार, अशी माझी त्या वयातली समजूत होती. मोठीमायने बाटलीला हात जोडले, दादाने वेसण धरली आणि मी दिवसातून चार वेळा थेंब घालू लागले.

तिसऱ्या दिवशी डोळ्याचं पाणी थांबलं. चौथ्या दिवशी लाली गेली, चांद्याने डोळा उघडला, पोटभर तनीस, म्हणजे धानाचा पेंढा, खाल्लं. आता काय विचारता! आजा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगू लागला, आमची कुंदा डॉक्टरीण झाली. सोमाजीकाका गोठ्यावरून जाताना मान दुसरीकडे वळवायचे आणि मला त्याचा फार आनंद व्हायचा. अर्ध्या हळकुंडाने पिवळी होणं म्हणतात ते मी पुरतं करून दाखवलं. डोळ्यावर निळसर धुरकट पडदा दिसायला लागला तेव्हाही मी म्हटलं, जखमेवर नवी कातडी येते ना, तसं आहे. आणखी थेंब घातले. मग एका सकाळी उन्हात त्याची मान वळली आणि मला बुबुळावर खळगा दिसला. चांगला खोल, कडेला पांढरट. मी हात त्या बाजूने हलवला. चांद्याची पापणीही लवली नाही.

दादाने पाहिलं, मान हलवली. म्हणाला, "एका डोऱ्याचा हेला बांधीत सरळ चालत नाही, जोडीदाराले बी ओढते. डोरा गेला त बाजारात नेतो. भुऱ्यासंगं दुसरा पाहू." बाजारातून असा हेला कुठे जातो हे घरात सगळ्यांना माहीत होतं. मोठीमायने समोरचं ताट झाकून ठेवलं, चपला घातल्या आणि ढोरांच्या दवाखान्याच्या वाटेला लागली. दवाखाना दोन गावं ओलांडून. दुपारी ती परत आली ती डॉक्टरांच्या मोटारसायकलवर मागे बसून. जन्मात पहिल्यांदा बसली असेल, दोन्ही हातांनी डॉक्टरांची औषधांची पेटी छातीशी धरून.

उईके डॉक्टर बुटके, काळेसावळे, अंगात बाह्या दुमडलेला पांढरा शर्ट. रस्त्यात कुणी गोंडी बोललं तर गोंडीत, गोंदियाचा व्यापारी भेटला तर हिंदीत आणि आमच्यासारख्यांशी आमच्यासारखं बोलायचे. त्यांनी आल्या आल्या डोळा पाहिला नाही. आधी चांद्याच्या मानेवर हात ठेवून नुसते उभे राहिले, तो त्यांचा वास घेईपर्यंत. मग एका बाटलीतला थेंब डोळ्यात सोडला आणि थोड्या वेळात चांद्याने डोळा असा उघडला की जणू काही झालंच नव्हतं. दुखणं बधिर करणारं औषध होतं ते. मग एक केशरी टोक असलेली कागदाची पट्टी ओली करून पापणीच्या आत टेकवली, पाण्याने डोळा धुतला आणि आम्हाला जवळ बोलावलं. खळग्याच्या जागी धानाच्या पऱ्ह्यासारखा, कोवळ्या रोपांसारखा, हिरवागार डाग चमकत होता, वाटाण्याएवढा.

"जिथं वरची साल नाही, तिथं हा रंग बसते," ते म्हणाले. "आता सांगा, डोऱ्यात काय काय टाकलं?"

मोठीमायने पदर सावरला आणि शांतपणे म्हणाली, "म्या टाकलं, डाक्तर साहेब. बुढ्याचं औषध होतं."

डॉक्टरांनी बाटली मागितली. ती उलटीपालटी करून वाचली आणि मोठीमायला विचारलं, "माय, तुम्हाले इंग्रजी वाचता येते?"

"नाही."

"मंग जंतूचं औषध हाये म्हणून कोनं सांगतलं?"

आयुष्यात काही वेळा खरं बोलायला जितका वेळ लागतो तितका नंतर कधीच भरून निघत नाही. मी फार वेळ घेतला नाही, एवढंच स्वतःबद्दल चांगलं सांगता येईल. "मी," मी म्हटलं. "मीच वाचलं, मीच घातलं, आठ दिवस. दुसरं नाव मला कळलं नव्हतं." आणि मला रडू फुटलं.

मला वाटलं होतं, आता हे माझी खरडपट्टी काढतील. दादा तर तयारीतच होता. पुटपुटलाही, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. उईके डॉक्टर मात्र तिथेच गोठ्याच्या कडेला बसले आणि मला समोर बसवलं. म्हणाले, "औषध वाईट नाही. बुढ्याले बरोबर देलं होतं. ऑपरेशननंतरची सूज उतरवते ते. पण हे पाह्य, जखम झाली का डोरा लाल काऊन होते? आंगातले कामकरी तिथं जमा होतात म्हणून. साफसफाई, भराई, सगळा गोंधळ. हे दुसऱ्या नावाचं औषध त्या कामकऱ्याईले घरी पाठवते. रोवणीच्या बाया घरी पाठवल्या त बांधीतला कलकलाट थांबते. शेत शांत दिसते. पण रोवणा कोन करन?"

मी तेव्हापासून पुष्कळ पुस्तकं वाचली. औषधशास्त्राची पदविका घेतली, आणि गेली कित्येक वर्षं गोंदियात औषधांच्या दुकानात उभी आहे. स्टेरॉइड डोळ्याच्या जखमेवर का घालायचं नाही, हे कुणी इतक्या थोडक्यात सांगितलेलं मला अजून सापडलेलं नाही. वर ते हेही म्हणाले की कुसळाची जखम म्हणजे आत बुरशी शिरायची भीती आणि राखणदार झोपवल्यावर तिला रान मोकळंच. सोमाजीकाका कुंपणापाशी कान देऊन उभे होते, ते छाती काढून म्हणाले, "म्हनून मी म्हनत होतो, तंबाखू!" डॉक्टर हसले. "काका, तुमची तंबाखू बी डोरा जारतेच. फरक येवढाच, तिच्यानं डोरा आणखी लाल झाला असता आन् हे लोक माह्याकडे लवकर आले असते." काकांनी यातला आपल्याला सोयीचा भाग तेवढा घेतला आणि गावभर सांगितला.

निघताना मोठीमायने ती बधिर करणारी बाटली मागितली. तिच्या डोळ्यांदेखत चांद्याचं दुखणं थांबलं होतं. डॉक्टरांनी ती आधीच शर्टाच्या खिशात घातली होती. "माय, हे रोज टाकलं त जखम भरतच नाही. तपासाले एक डाव, बस. त्याले दुखन थोडं. दुखू द्या." मोठीमायने त्यांच्याकडे पाहिलं आणि मान डोलवली. दुखू द्या म्हणणाऱ्या माणसावर तिने विश्वास ठेवला, हे मला त्या वेळी नवल वाटलं होतं. दादाला ते म्हणाले, "दोन बाजार जाऊ द्या. मंग तुमी ठरवा." दादा म्हणाला, "दोनच."

मग जे झालं ते मी कधी विसरणार नाही. डॉक्टरांनी चांद्याच्या मानेतून रक्त काढलं, दोन काचेच्या नळ्या भरून, आणि त्या आमच्या पडवीत उभ्या करून ठेवल्या. स्वतः आजाशी मालगाडीच्या डब्यांवर गप्पा मारत बसले. चहा झाला, दुसरा चहा झाला. रक्त खाली गोठून बसलं आणि वर पिवळसर, निवळ पाणी सुटलं. ते त्यांनी सुईने अलगद ओढून स्वच्छ बाटलीत भरलं. "हे त्याचंच. डोऱ्याची जखम जे कुरतडून राहिलं, त्याले हे अडवते. जंतूचं मलम मी देतो ते येगळं, बाहुली मोठी करणारा थेंब येगळा, अन् हे दर दोन घंट्यानं." बाटली थंड ठेवायची होती. गावात फ्रीज एकच, किराणा दुकानात, आणि वीज दिवसाचा अर्धा वेळ गायब. शिवाय दुकानदाराने हेल्याचं रक्त म्हटल्यावर कानांवर हात ठेवले. तेव्हा मोठीमायने रांजणाखालच्या ओल्या रेतीत छोटं मडकं पुरलं, त्यात बाटली ठेवली, वर ओलं फडकं. डॉक्टरांनी बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, दोन दिवस चालेल, मग मी ताजं काढून देईन. आणि खरोखर दर दोन दिवसांनी त्यांची मोटारसायकल वाजायची. एका हेल्यासाठी एवढ्या लांबून येणारा माणूस मी पाहिला नव्हता. कधी थांबून पेज प्यायचे, कधी नुसतेच जायचे.

बाहुली मोठी झाल्यावर चांद्याला ऊन सोसेना. मोठीमायने आपल्या ठेवणीतल्या लुगड्याचा पदर फाडून त्याचा पडदा शिवला आणि त्याच्या शिंगाला बांधला. लाल काठाचा पडदा डोळ्यावर घेऊन तो गोठ्यात नव्या नवरीसारखा उभा असायचा. थेंब घालायचं काम मला वाटलं होतं आता दादाकडे जाईल. मोठीमायने बाटली माझ्याच हातात दिली. मी म्हटलं, "मला नको, मोठीमाय. माझ्याच हाताने बिघडलं." ती म्हणाली, "तुह्याच हातानं होईन. हात धुवून ये." बास, एवढंच. कॉलेज बुडवून मी दिवसभर थेंब घातले. रात्रीचे तिने घातले. ती कधी झोपायची मला ठाऊक नाही. मी तिला एकदाही जांभई देताना पाहिलं नाही. माझ्या चुकीबद्दल ती तेव्हा बोलली नाही, नंतर बोलली नाही, भांडणातही बोलली नाही. भांडणात माणूस काय काय बाहेर काढतो! मला तिचं कौतुक वाटतं ते सगळ्यात जास्त यासाठी.

दर खेपेला डॉक्टर पट्टी टेकवायचे आणि आम्ही सगळे त्या डोळ्यावर वाकायचो. पहिल्या बाजाराच्या आदल्या दिवशी हिरवा डाग वाटाण्याएवढाच होता. दादा उठून बाहेर गेला. मग तो लाखोरीच्या दाण्याएवढा झाला. कडेने बारीक लाल रेघा बुबुळात शिरताना दिसल्या तेव्हा मी घाबरले, पण डॉक्टर खूश झाले. म्हणाले, "कामकरी परत आले, पाह्य!" मग तिळाएवढा. दुसऱ्या बाजाराच्या सकाळी दादाने स्वतः वेसण धरली. दाव्याची गुंडाळी त्याच्या खांद्यावर होती, न्यायची तयारी झालेली. डॉक्टरांनी पट्टी लावली, डोळा धुतला, इकडून पाहिलं, तिकडून पाहिलं. हिरवं कुठेच नव्हतं. बुबुळावर पांढरं फूल तेवढं राहिलं होतं, मसुरीएवढं.

"जखम भरली," ते म्हणाले. "फूल राहीन. पण बाजूनं दिसन."

"दिसते का नाही ते मी पायतो," दादा म्हणाला. त्याने चांद्याचा डावा डोळा आपल्या टॉवेलने बांधला आणि मोठीमायला खूण केली. ती चपला काढून हलकेच त्याच्या उजव्या अंगाला चार पावलं लांब गेली. तिने हाक मारली नाही, तनीस दाखवलं नाही. नुसती उभी राहिली. चांद्याने मान वळवली, थांबला, फूल पडलेला डोळा तिच्यावर ठेवला आणि पुढे होऊन तिच्या लुगड्याचा शेव तोंडात धरला. दादाने टॉवेल सोडला. त्या टॉवेलनेच स्वतःचे डोळे पुसले. खांद्यावरची दाव्याची गुंडाळी खुंटीला अडकवत म्हणाला, "भुऱ्याच्या डाव्या आंगाले जुपतो याले. मंग चांगला डोरा बाहेरच्या बाजूनं राहीन." त्यानंतरच्या पावसाळ्यात चांद्याने चारही बांध्यांचा चिखल केला आणि पुढे पुष्कळ वर्षं करत राहिला.

दुकानात रोज कुणी तरी येतं. "दीदी, आँख लाल है, वो जल्दीवाला ड्रॉप दे दो, पिछली बार वाला." मी विचारते, काही लागलं का डोळ्याला? धान कापत होता? डॉक्टरला दाखवलं? लोक वैतागतात, समोरच्या दुकानात जातात. जावोत. मालक म्हणतात तुम्ही गिऱ्हाईक घालवता. घालवते.

पुढे मोठीमायच्या डोळ्यात मोतीबिंदू झाला आणि ऑपरेशन गोंदियात करून ती माझ्याकडे राहायला आली. चिठ्ठी घेऊन मी औषध काढायला गेले तर तीच दोन नावं. दुसरं नाव आता मला पाठ होतं. बरोबर होतं, या ऑपरेशननंतर तेच देतात. तरी तिची पापणी बोटाने धरल्यावर माझा हात थबकला.

"काऊन थांबलीस?"

"मोठीमाय, चांद्याला घातलं होतं ना, तेच आहे हे."

"समजलं मले. झाकण तसंच हाये."

"भीती नाही वाटत?"

"हे कधी नाही टाकाचं ते तुले मालूम हाये," ती म्हणाली. "ज्याले ते मालूम, त्याच्याच हातानं टाकून घ्यावं. टाक."

मी घातलं. डॉक्टरांनी सांगितले तितके दिवस, सांगितले तितके थेंब. शेवटच्या दिवशी बाटलीत थोडं उरलं. मोठीमायने ती माझ्याकडून मागून घेतली आणि मला वाटलं, झालं, आता ही गावाकडच्या देवघरात जाणार. ती उठली, भिंतीला हात लावत न्हाणीघरात गेली, बाटली दाबून दाबून मोरीत रिकामी केली आणि केराच्या डब्यात टाकली. मग हात धुऊन, पदराला पुसत माझ्यासमोर येऊन बसली. खिडकीतून ऊन येत होतं. तिने माझं तोंड हनुवटीला धरून उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ पाहिलं.

"बाई," ती म्हणाली, "तुहे केस कधीपासून पिकून राहिले व?"